सतरा नंबर फॉर्म आणि दहावीच्या गणिताचा सराव

सतरा नंबर फॉर्म (अधिकृत नाव: नमुना क्रमांक १७) हा महाराष्ट्रात नियमित शाळेत न जाता, खासगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीच्या परीक्षेस बसण्यासाठी भरावयाचा अर्ज होय. ही परीक्षा महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ घेते. १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आलेल्या या मंडळाचे मुख्यालय पुण्यात असून त्याची नऊ विभागीय मंडळे आहेत. यवतमाळ जिल्हा, आणि म्हणून मारेगाव तालुका, अमरावती विभागीय मंडळाच्या कक्षेत येतो.

अनेक देशांत शाळा सोडलेल्या प्रौढांसाठी वेगळी समकक्ष परीक्षा असते. सतरा नंबरच्या विद्यार्थ्यासाठी तशी वेगळी परीक्षा नसते. सतरा नंबरचा विद्यार्थी नियमित विद्यार्थ्याचीच प्रश्नपत्रिका त्याच दिवशी, त्याच वेळेत सोडवतो. त्यामुळे मिळणाऱ्या प्रमाणपत्राचे मूल्य कमी ठरत नाही. मात्र तयारीचा सगळा भार विद्यार्थ्यावर येतो आणि तो सर्वाधिक जाणवतो गणितात.

पात्रता आणि तिच्यात दडलेली अडचण

दहावीसाठी अर्ज करणारा विद्यार्थी किमान पाचवी उत्तीर्ण असावा आणि त्याने वयाची १४ वर्षे पूर्ण केलेली असावीत, अशी अट आहे. अर्जासोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. मंडळाने ठरवून दिलेली एखादी माध्यमिक शाळा विद्यार्थ्याचे संपर्क केंद्र म्हणून काम पाहते. अंतर्गत मूल्यमापनाचे कामही तेथेच होते.

पाचवी उत्तीर्ण ही अट उदार आहे. शाळा लवकर सुटलेल्या हजारो मुला-मुलींना तिने दार उघडे ठेवले आहे. पण या अटीमुळे कागदावर सहावी ते नववी ही चार वर्षे ओलांडली जातात, आणि गणिताची प्रश्नपत्रिका ती ओलांडू देत नाही. इतिहासाचा किंवा भूगोलाचा धडा दहावीच्या पुस्तकातूनच पुष्कळसा समजू शकतो. गणिताची रचना जिन्यासारखी असते. ऋण संख्या, गुणोत्तर व प्रमाण, शतमान आणि एका चलातील समीकरण यांची ओळख सहावीत होते. बैजिक राशी, घातांक आणि पायथागोरसचे प्रमेय सातवीत येते. अवयव पाडणे आठवीत आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे नववीत. दहावीचे पुस्तक हे सारे येते असे गृहीत धरून सुरू होते. पाचवीनंतर शाळा सोडलेल्या माणसाने थेट दहावीचे पहिले प्रकरण उघडले की पहिल्याच पानावर त्याला आपण मठ्ठ आहोत असे वाटू लागते. प्रत्यक्षात त्याच्या हाती तीन-चार पुस्तके आलेलीच नसतात, इतकेच.

म्हणून सतरा नंबरच्या विद्यार्थ्यासाठी गणिताचा सराव म्हणजे दहावीची उदाहरणे पुन्हा पुन्हा सोडवणे नव्हे. मधल्या चार वर्षांतील नेमक्या कोणत्या पायऱ्या निखळल्या आहेत ते शोधून त्या बसवणे हे त्यातील मोठे काम आहे. ‘बालभारती’ची सर्व इयत्तांची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध असल्याने सहावी-सातवीचे पुस्तक मिळवणे अवघड राहिलेले नाही; ते उघडण्याचा संकोच हीच अधिक मोठी अडचण ठरते.

मारेगाव तालुक्यातील संदर्भ

मारेगाव हा यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्व भागातील तालुका असून वणी, झरी जामणी, केळापूर व राळेगाव हे त्याचे शेजारी तालुके आहेत. कापूस, सोयाबीन आणि तूर ही येथील मुख्य पिके. या परिसरात कोलाम समाजाची वस्ती आहे. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातील तीन समाजांपैकी कोलाम हा एक होय.

शेतीचे वेळापत्रक आणि परीक्षेचे वेळापत्रक येथे एकमेकांना छेदतात. कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास जोर धरते आणि पुढे दोन-तीन महिने चालते. मुख्य परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे सरावाचे अखेरचे महिने नेमके वेचणीचे असतात. दिवसभर वाकून कापूस वेचलेल्या हातांनी रात्री कंपास धरणे सोपे नसते. अशा विद्यार्थ्याला रोज तीन तासांचे वेळापत्रक सांगण्यात अर्थ नाही. रोज पाऊण तास, पण जून-जुलैपासून, हा हिशेब त्याच्या बाजूने अधिक लागतो.

भाषेचा प्रश्नही आहे. कोलामी ही द्रविड कुळातील भाषा असून मराठी शाळेत येणाऱ्या कोलाम मुलाला गणित दुसऱ्या भाषेतून शिकावे लागते. मराठी ज्यांची मातृभाषा आहे त्यांनाही संख्यानामे गोंधळात टाकतात. ‘त्रेपन्न’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो, लिहिताना पाच आधी लिहावा लागतो. २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असे जोडशब्दांविना वाचन सुचवले गेले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला होता. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारण हेच सांगितले होते. दीर्घ खंडानंतर वही उघडणाऱ्या प्रौढाकडून ३५ च्या जागी ५३ लिहिले जाण्याची चूक विरळा नाही. अशी चूक झाल्यास रीत बरोबर असूनही उत्तर चुकते, म्हणून संख्या ऐकून लिहिण्याचा दोन-चार दिवसांचा सराव वाया जात नाही.

गणित उत्तीर्ण होण्याचे महत्त्व

दहावीचे प्रमाणपत्र आयटीआय प्रवेशापासून अनेक ठिकाणी लागते. काही पदांसाठी तर दहावीत गणित उत्तीर्ण असणे हीच स्वतंत्र अट असते. टपाल खात्यातील ग्रामीण डाक सेवक हे त्याचे ठळक उदाहरण. या पदाची निवड दहावीच्या गुणांवर होते आणि गणित व इंग्रजी या विषयांत उत्तीर्ण असणे आवश्यक असते. गावात राहून करता येणारी ही नोकरी असल्याने ग्रामीण उमेदवारांना, विशेषतः स्त्रियांना, तिचे मोल वेगळे आहे.

प्रश्नपत्रिकेची रचना

दहावीच्या गणिताचे दोन भाग असतात. भाग १ मध्ये बीजगणित तर भाग २ मध्ये भूमिती येते. प्रत्येक भागाची लेखी परीक्षा ४० गुणांची व दोन तासांची असते. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण धरून विषयाचे एकूण १०० गुण होतात. सध्याची पाठ्यपुस्तके २०१८ पासून लागू आहेत. त्यापूर्वी अवघड बीजगणित-भूमिती टाळू इच्छिणाऱ्यांना ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय घेता येई. नव्या अभ्यासक्रमात तो राहिला नाही, त्यामुळे वडीलधाऱ्यांनी सांगितलेली ‘सामान्य गणित घे’ ही वाट आता बंद आहे.

४० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत पहिला प्रश्न ८ गुणांचा असतो. त्यात चार बहुपर्यायी आणि चार एका गुणाचे उपप्रश्न असून तेथे पर्याय सोडता येत नाही. दुसऱ्या प्रश्नात दोन गुणांची उदाहरणे असतात: तीनपैकी दोन कृती पूर्ण करायच्या आणि पाचपैकी चार उदाहरणे सोडवायची, मिळून १२ गुण. तिसरा प्रश्न ९ गुणांचा, त्यात दोनपैकी एक कृती आणि चारपैकी दोन उदाहरणे. चौथ्यात तीनपैकी दोन उदाहरणे सोडवायची, प्रत्येकी ४ गुण. पाचवा प्रश्न ३ गुणांचा असून त्यात विचार करायला लावणारे एक उदाहरण निवडायचे असते.

पहिल्या दोन प्रश्नांचे मिळून २० गुण होतात, म्हणजे निम्मी प्रश्नपत्रिका एक आणि दोन गुणांच्या प्रश्नांत आहे. ज्याला उत्तीर्ण व्हायचे आहे त्याने आधी हा निम्मा भाग पक्का करावा. चौथ्या-पाचव्या प्रश्नाच्या भीतीने अभ्यासच सोडणारे विद्यार्थी या साध्या बेरजेकडे पाहत नाहीत. ‘कृती’ या प्रकाराकडेही दुर्लक्ष होते. त्यात उदाहरण बरेचसे सोडवून दिलेले असते आणि रिकाम्या चौकटी भरायच्या असतात. पुढची-मागची ओळ वाचून चौकट ओळखण्याची सवय झाली, तर हे गुण सर्वांत स्वस्त पडतात.

तोंडी हिशेबाकडून लेखी रीतीकडे

खासगी विद्यार्थी गणितात कोरा असतो हा समज चुकीचा आहे. शेतमजुरी, दुकान, बचत गट, गवंडीकाम यांत रोज हिशेब होतो आणि तो बहुधा अचूक असतो. जुन्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ केलेले असत. त्यांच्या तोंडी हिशेबाचा वेग आजही थक्क करतो. परीक्षेत मात्र उत्तराबरोबर रीतीलाही गुण असतात. सरावाचा गाभा हा, की डोक्यात होणारा हिशेब कागदावर पायरीपायरीने उतरवता यावा.

समजा, दोन बहिणींनी मिळून ५८ किलो कापूस वेचला आणि थोरलीने धाकटीपेक्षा १० किलो जास्त वेचला. वजनकाट्याजवळ उभी असलेली कोणीही बाई हे चटकन सांगेल: ५८ मधून जास्तीचे १० काढले, ४८ उरले, त्याचे निम्मे २४, म्हणून धाकटीचे २४ आणि थोरलीचे ३४. पुस्तकात हेच असे लिहितात: थोरलीचा कापूस क्ष किलो आणि धाकटीचा य किलो मानू.

क्ष + य = ५८
क्ष − य = १०
दोन्ही समीकरणांची बेरीज करून २क्ष = ६८, म्हणून क्ष = ३४
ही किंमत पहिल्या समीकरणात ठेवून य = ५८ − ३४ = २४

तोंडी रीतीत जास्तीचे १० वजा केले, कारण धाकटीचा वाटा दुप्पट करून पाहिला. लेखी रीतीत बेरीज झाली, कारण थोरलीचा वाटा दुप्पट केला. विचार एकच आहे. हे एकदा उमगले की ‘क्ष’ हे भय न राहता, अजून माहीत नसलेल्या वजनाचे नाव होऊन बसते. पाठ्यपुस्तकात चलांसाठी इंग्रजी अक्षरे वापरतात, तीही सुरुवातीला परकी वाटतात. आपली अक्षरे वापरून चार उदाहरणे सोडवल्यावर मग पुस्तकातील अक्षरांकडे वळणे अनेकांना सोपे जाते.

अंकगणिती श्रेढीही अशीच ओळखीची निघते. बचत गटातील एका सदस्याने पहिल्या महिन्यात ५० रुपये आणि पुढे दर महिन्याला १० रुपये वाढवत बचत केली, तर बाराव्या महिन्याचा हप्ता ५० + ११ × १० = १६० रुपये होतो. येथे बाराऐवजी अकराने गुणायचे, कारण पहिल्या महिन्यात वाढ झालेलीच नसते. सूत्रातील ‘न वजा एक’ तो हाच. वर्षाची एकूण बचत काढताना पहिला आणि शेवटचा हप्ता मिळवायचा, ५० + १६० = २१०, आणि अशा सहा जोड्या होतात म्हणून ६ × २१० = १२६० रुपये. सूत्र पाठ करण्याआधी ही जोड्यांची युक्ती हाताने करून पाहिली, तर सूत्र विसरले तरी उत्तर अडत नाही.

‘अर्थनियोजन’ या प्रकरणात वस्तू व सेवा कर आणि शेअर यांची उदाहरणे येतात. २००० रुपये करपात्र किमतीवर १८ टक्के दराने कर ३६० रुपये. त्याचे केंद्राचा १८० आणि राज्याचा १८० असे दोन समान भाग, आणि बिल २३६० रुपयांचे. हे सर्वांना जमते. उलट प्रश्नात मात्र जवळजवळ प्रत्येक नवखा विद्यार्थी फसतो. करासह बिल २३६० रुपये आहे, मूळ किंमत किती? २३६० चे १८ टक्के काढून वजा केले तर १९३५ रुपये २० पैसे येतात, आणि हे उत्तर चूक आहे. कर २००० वर लागला होता, २३६० वर नाही. मूळ किंमत १०० असती तर बिल ११८ झाले असते, म्हणून २३६० × १०० ÷ ११८ = २०००. शतमान नेहमी कशाचे तरी असते, आणि ते कशाचे हे लिहूनच पुढे जाण्याची सवय या एका प्रकारच्या उदाहरणांतून लागते.

वर्गसमीकरणे येथपर्यंतच्या अनुभवातून येत नाहीत, ती खरोखरच नवी असतात. अवयव पाडताना, ज्यांचा गुणाकार १२ आणि बेरीज वजा ७ येईल अशा दोन संख्या शोधायच्या असतात. उत्तर वजा ३ आणि वजा ४. दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन होतो हे ज्याला पक्के नाही, तो येथे कितीही सराव करून अडतोच. त्याला सहावी-सातवीच्या पुस्तकातील पूर्णांक संख्यांचे प्रकरण आठवडाभर करावे लागते, आणि तीस पर्यंतचे नाही तरी वीस पर्यंतचे पाढे. ‘सांख्यिकी’ची सारणी मोठी दिसते, पण तिच्यात गुणाकार-बेरजेपलीकडे फारसे काही नसते. ‘संभाव्यता’ हे सर्वांत लहान व सोपे प्रकरण असून फासे आणि नाण्यांचे नमुना अवकाश लिहिता येणे पुरेसे ठरते.

भूमितीचा सराव

बांधकामावरील मिस्त्री पायाची आखणी करताना कोपऱ्यातून एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट मोजतो आणि दोन खुणांमधील अंतर ५ फूट भरले की कोपरा काटकोनात आहे असे मानतो. मोठ्या घराला ६, ८ आणि १० फूट घेतो. हा पायथागोरसच्या प्रमेयाचा व्यत्यास आहे: प्रमेय काटकोनावरून बाजूंचा संबंध सांगते, मिस्त्री बाजूंवरून काटकोन ठरवतो. परीक्षेत दोन्ही विचारतात आणि ‘दिलेल्या बाजू काटकोन त्रिकोणाच्या आहेत का?’ हा प्रश्न दोन गुण देऊन जातो.

महत्त्वमापनात चुका होतात त्या मुख्यतः व्यास आणि त्रिज्या यांच्या गोंधळाने. ७ मीटर व्यासाची आणि १० मीटर खोल विहीर खणायची असेल, तर त्रिज्या ३.५ मीटर धरून घनफळ २२/७ × ३.५ × ३.५ × १० = ३८५ घनमीटर येते. व्यासच त्रिज्या म्हणून वापरला तर १५४० घनमीटर, म्हणजे बरोबर चौपट. विहिरीच्या मातीचा हिशेब ब्रासमध्ये करणाऱ्याला ही चूक लगेच खटकावी. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, आणि ३८५ घनमीटर म्हणजे सुमारे १३६ ब्रास. उत्तर आल्यावर ते व्यवहारात शक्य आहे का हे पाहणे, ही खासगी विद्यार्थ्याची नियमित विद्यार्थ्यापेक्षा जमेची बाजू आहे आणि तिचा वापर फार थोडे जण करतात.

प्रमेयांच्या सिद्धता पाठ करण्यात बराच वेळ जातो. त्यापेक्षा ‘भौमितिक रचना’ आधी हाताळलेल्या बऱ्या. समरूप त्रिकोण काढणे आणि वर्तुळाला स्पर्शिका काढणे अशा ठरावीक प्रकारच्या रचना असतात. टोकदार पेन्सिल, घट्ट कंपास आणि कच्ची आकृती काढण्याची शिस्त असली की त्या साधतात. त्रिकोणमितीत ३०, ४५ आणि ६० अंशांच्या गुणोत्तरांचा तक्ता रोज एकदा स्मरणाने लिहावा लागतो.

येथे एक तुलना उद्बोधक आहे. अमेरिकेत १९४२ मध्ये सैनिकांसाठी सुरू झालेल्या आणि आजही चालणाऱ्या ‘जीईडी’ या समकक्ष परीक्षेत गणिताच्या बहुतांश प्रश्नांना गणकयंत्र वापरता येते आणि सूत्रांचा तक्ता परीक्षेतच दिला जातो. राज्य मंडळाच्या दहावीत यांपैकी काहीही मिळत नाही. त्यामुळे येथील प्रौढ विद्यार्थ्याला सूत्रांचे पाठांतर आणि हाताने आकडेमोड, दोन्हींचा वेगळा सराव अटळ आहे.

वहीची रीत

पाठ्यपुस्तकातील प्रत्येक घटकानंतर सरावसंच आणि प्रकरणाच्या शेवटी संकीर्ण प्रश्नसंग्रह असतो. उत्तरे पुस्तकाच्या अखेरीस दिलेली असतात. उत्तरे जवळ असणे एकट्याने शिकणाऱ्याला मोठा आधार असतो, पण उत्तर आधी पाहून उदाहरण त्याच्याशी जुळवत नेण्याचा मोहही त्यातूनच होतो. सोडवलेले उदाहरण वाचून समजणे आणि पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या पानावर उतरवणे यांत फार अंतर आहे. चुकलेली उदाहरणे खोडून न टाकता वेगळ्या पानावर, चूक कोठे झाली त्या ओळीसह लिहून ठेवली, तर महिनाभरात बहुतेक चुका तीन-चार प्रकारच्याच असल्याचे दिसते: वजा चिन्ह, अपूर्णांकांची बेरीज, व्यास-त्रिज्या, शतमानाचा पाया. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवण्याचे काम शेवटच्या दीड-दोन महिन्यांसाठी ठेवणे इष्ट. त्याआधी ते केल्यास हाती निराशाच येते.

इतर मार्ग

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था ही केंद्रीय संस्था १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने स्थापन झाली. तिची माध्यमिक परीक्षा मराठी माध्यमातूनही देता येते, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. विषय निवडण्याची मोकळीक असल्याने तेथे गणित न घेताही दहावी उत्तीर्ण होता येते. ही सवलत आकर्षक आहे. मात्र ग्रामीण डाक सेवकासारख्या, गणित आवश्यक असलेल्या पदांसाठी असे प्रमाणपत्र पुरत नाही, आणि हे बहुधा अर्ज करतानाच कळते. महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ स्थापन केले. त्याच्या पाचवी व आठवीच्या समकक्ष परीक्षा थेट दहावीकडे उडी न घेता मधली पायरी चढू इच्छिणाऱ्यांना उपयोगी पडतात.

शाळेबाहेरील कष्टकऱ्यांच्या शिक्षणाची महाराष्ट्रातील परंपरा याहून बरीच जुनी आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रशाळा सुरू केली होती. मुंबईतील गिरणगावात पुढे रात्रशाळांचे जाळे उभे राहिले. विखुरलेल्या ग्रामीण वस्त्यांत तशी सोय होऊ शकली नाही, आणि सतरा नंबरच्या विद्यार्थ्याचा एकटेपणा काही अंशी त्यातून आलेला आहे. एकाच गावातील दोघा-तिघांनी मिळून सराव केल्यास तो कमी होतो. दुसऱ्याला उदाहरण समजावून सांगताना स्वतःची निखळलेली पायरी सापडते.

पुरवणी परीक्षा

गणितात अनुत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्याला सर्व विषय पुन्हा द्यावे लागत नाहीत. पुनर्परीक्षार्थी म्हणून तो केवळ राहिलेल्या विषयाला बसू शकतो. पूर्वी अशी परीक्षा ऑक्टोबरमध्ये होत असे. २०१५ पासून निकालानंतर लगेच, पावसाळ्याच्या सुरुवातीला पुरवणी परीक्षा घेतली जाऊ लागली. वर्ष वाया जाऊ नये हा त्यामागील हेतू नियमित विद्यार्थ्याच्या बाबतीत साधतो. मारेगावसारख्या तालुक्यात मात्र तेच दिवस पेरणी, निंदण आणि डवरणीचे असतात. हाती आलेल्या त्या काही आठवड्यांत संपूर्ण पुस्तक पुन्हा हाती घेण्यापेक्षा चुकांचे पान समोर ठेवून प्रश्न १ आणि २ मधील प्रकारांचाच सराव करणे, आणि अर्थनियोजन, संभाव्यता, सांख्यिकी, भौमितिक रचना व महत्त्वमापन ही पाच प्रकरणे पक्की करणे शक्य असते.